पारोळ्याच्या पुढे तुमची पोलो मागे का पडली

प्रश्न असा आला आहे. अमळनेरच्या एका भाऊंकडे 2016 ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक, आहे. मे महिन्यात ते लग्नासाठी जळगावहून धुळ्याला निघाले होते. गाडीत पाच जण, डिकी आहेराच्या सामानाने गच्च, एसी फुल. पारोळा सोडल्यावर पुढे केळीचा ट्रक आणि मागून एक फॉर्च्युनर, आत एकटा ड्रायव्हर. ट्रकने डावी बाजू धरली, यांनी पाय दाबला, त्यानेही दाबला, आणि फॉर्च्युनर बघता बघता निघून गेली. मागच्या सीटवरून आजोबा म्हणाले, "हाई गाडी शे का इमान?" ते जास्त झोंबलं असावं. भाऊंचं म्हणणं असं, की माझी गाडी हॉट हॅच, म्हणजे लहान पण दमदार इंजिनाची, ते दोन-सव्वादोन टनांचं धूड, मग हे झालं कसं? मित्र सांगतात की 500 न्यूटन मीटर टॉर्कपुढे, म्हणजे इंजिनाच्या पिळण्याच्या जोरापुढे, कोणाचं चालत नाही. खरं का? की गाडीत बिघाड आहे?

तर भाऊ, तुम्ही पाहिलं ते खरं आहे आणि त्यात नवल काही नाही. मित्रांचं कारण मात्र चुकीचं आहे. बिघाड थोडाफार असूही शकतो, त्याकडे शेवटी येतो. धुळ्यात मी बावीस वर्षं गॅरेज चालवतोय. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे या दोन्ही जातींच्या गाड्या रोज हाताखालून जातात आणि काम झाल्यावर ट्रायललाही मीच नेतो.

गाडीचं वजन मी कंपनीच्या कागदावरून कधी धरत नाही. मागच्या हिवाळ्यात एका गिऱ्हाइकाची फॉर्च्युनर, 2.8 डिझेल ऑटोमॅटिक, आणि दुसऱ्याची अगदी तुमच्यासारखी पोलो एकाच दिवशी गॅरेजला होती. दोघांना विचारून दोन्ही गाड्या जिनिंगजवळच्या वजनकाट्यावर नेल्या. काट्यावाल्याने मान वर न करताच विचारलं, "खाली का भरती?", म्हणजे रिकामी की भरलेली. मी म्हणालो, आधी खाली, मग भरती. तेव्हा त्याने बाहेर डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "शेठ, यात काय भरणार?" त्याचा काटा 10 किलोच्या टप्प्याने मोजतो, आपल्या कामाला तेवढं पुरे. अर्धी टाकी आणि स्टिअरिंगवर मी, एवढ्यावर पोलो भरली 1,190 किलो आणि फॉर्च्युनर 2,240. मग गॅरेजची चार पोरं आणि हत्यारांच्या पेट्या एकीत घातल्या, तीच वरात उतरवून दुसरीत बसवली. पोलो 1,540, फॉर्च्युनर 2,590. भर दोन्हींत सारखीच, 350 किलो.

आता साधा भागाकार करा. तुमच्या पोलोची ताकद 105 पीएस. हॉर्सपॉवर म्हणा, फार फरक नाही. 2021 पासूनच्या फॉर्च्युनरची 204. एकटा माणूस असताना पोलोला टनामागे 88 पीएस मिळतात आणि फॉर्च्युनरला 91. म्हणजे दोघी जवळजवळ बरोबरीच्या, धूड-बिड काही नाही. पाच माणसं आणि सामान चढलं की पोलो येते 68 वर, फॉर्च्युनर 79 वर. त्या 350 किलोंनी पोलोचं वजन जवळजवळ 30 टक्के वाढलं, फॉर्च्युनरचं 16. एका पोत्याने गाढव वाकतं, रेड्याच्या पाठीला पत्ताही लागत नाही. आणि त्या दिवशी तुम्ही भरती होतात, तो खाली होता. 68 विरुद्ध 91. त्याच्याकडे टनामागे तुमच्यापेक्षा तिसरा हिस्सा ताकद जास्त होती. एवढ्या फरकात गाडीवर कोणता बिल्ला लावलाय याला अर्थ राहत नाही.

मित्रांच्या 500 न्यूटन मीटरचं सांगतो. साधारण 50 एचपीच्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचा टॉर्क 200 न्यूटन मीटरच्या आसपास असतो. तुमच्या पोलोचा 175. मग ट्रॅक्टरने तुम्हाला मागे टाकायला हवं होतं. टाकत नाही, कारण तो टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला कमी फेऱ्यांवर मिळतो आणि चाकापर्यंत जाताना गिअरमधून जातो. गिअर टॉर्क वाढवू शकतो, कमी करू शकतो, पण ताकद एका पीएसनेही वाढवू शकत नाही. दर सेकंदाला किती काम होतं ते पीएस सांगतात, आणि गाडी वेग घेते ती त्यावर. विहिरीवर पंप बसवताना आपण एचपीच विचारतो, टॉर्क कोणी विचारत नाही.

टॉर्कचा फायदा दुसरीकडे आहे. डिझेल फॉर्च्युनरचा पूर्ण टॉर्क 1,600 फेऱ्यांपासून हजर असतो. 80 च्या वेगात रमतगमत चाललेल्या त्या गाडीला फार गिअर न पाडता झेप घेता येते. तुमची पोलो त्याच वेळी ट्रकमागे डी मध्ये, म्हणजे रोजच्या ड्राइव्ह मोडमध्ये, वरच्या गिअरला, पेट्रोल वाचवत बसलेली. पाय दाबल्यावर गिअरबॉक्सने तीन गिअर खाली यायचं, फेऱ्या चढायच्या, टर्बोने, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याने, दाब भरायचा, यात सेकंद-दीड सेकंद जातो. तेवढ्यात त्याने वेग घेतलेला असतो, आणि पडलेलं अंतर मग भरून निघत नाही. ट्रक बाजूला होतोय असं दिसल्यावर आधीच एस मध्ये, म्हणजे स्पोर्ट मोडमध्ये, टाकली असती, तर तो गेला असता तरी इतका सहज गेला नसता.

शिवाय एक गोष्ट तुम्ही लिहिलीच आहे, फक्त तिला महत्त्व दिलं नाही. तो मागून येत होता. तुम्ही ट्रकच्या शेपटाला चिकटलेले, तो पाच-सहा गाड्यांचं अंतर ठेवून. ट्रक हलताना त्याला तुमच्याआधी दिसला असेल आणि त्याने धावतच सुरुवात केली असेल. रस्त्यावरच्या निम्म्या शर्यती अशाच ठरतात. हरलेला माझ्याकडे येऊन इंजिन उघडायला सांगतो.

मग ऊन. पुण्या-मुंबईचे लोक गाड्यांचे आकडे सांगतात ते खान्देशातल्या मे महिन्याचे नसतात. 15 अंशांच्या हवेपेक्षा 45 अंशांची हवा 9 टक्के विरळ असते. टर्बो जास्त फिरून ती तूट भरून काढायला बघतो, पण दाबलेली हवा आणखी तापते, आणि ती गार करणाऱ्या इंटरकूलरच्या जाळीवर येणारा वाराही भट्टीचाच. पेट्रोल इंजिनात तापलेल्या हवेने नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसण्याची, भीती असते, म्हणून कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद गुपचूप कापतो. डिझेलला या प्रकारच्या नॉकिंगची धास्ती नाही, त्यामुळे त्याचं नुकसान कमी. वर एसीचा कॉम्प्रेसर चार-पाच पीएस खातो. 105 मधून पाच गेले तर पायाला कळतं, 204 मधून गेले तर कळत नाही. पहाटे पाच वाजता, एकट्याने, हीच गाडी चालवून बघा, वेगळीच वाटेल.

"छोटी गाडी चपळ, मोठी गाडी म्हणजे बस" हा समज आला कुठून, तेही सांगतो, कारण एके काळी तो खरा होता. हॉट हॅच ही जात जगभर ओळखीची झाली ती 1976 च्या गोल्फ जीटीआयमुळे. 1.6 लिटर, 110 पीएस, वजन 800 किलोंच्या थोडं वर. म्हणजे टनामागे 130 च्या वर पीएस. अलीकडे आपल्याकडे हॉट हॅच म्हणून विकल्या गेलेल्या आवाक्यातल्या गाड्या याच्या जवळही गेल्या नाहीत. आय20 एन लाइन 120 पीएस, अल्ट्रोझ रेसर 120 पीएस, आणि वजन टनाच्या वर. कंपन्यांना करता येत नाही असं नाही. 4 मीटरच्या आत लांबी आणि 1,200 सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असेल तरच लहान गाडीचा कमी कर लागतो, म्हणून इंजिन तिथेच अडकतं. सुझुकीने बाहेर 140 पीएसची, टनाच्या आत बसणारी स्विफ्ट स्पोर्ट विकली, आपल्याकडे आणलीच नाही.

मोठ्या गाड्या मात्र त्याच काळात कुठल्या कुठे गेल्या. 2002 ची पहिली स्कॉर्पिओ 2.6 लिटर डिझेल, 110 च्या आसपास पीएस. तिच्या पुढून 2005 ची 1.3 पेट्रोल स्विफ्ट पोरंटोरं आरामात काढायची. ते मी स्वतः पुष्कळदा पाहिलंय, एक-दोनदा केलंयही. आजची स्कॉर्पिओ-एन पेट्रोलमध्ये 203 पीएस देते आणि 2021 ची एक्सयूव्ही700 पेट्रोल 200 द्यायची. ताकद जवळजवळ दुप्पट झाली, वजन दुप्पट झालं नाही. आपल्या डोक्यातलं चित्र मात्र 2005 चंच राहिलं.

खरी हॉट हॅच समोर असती तर गोष्ट वेगळी झाली असती. 2015 ची अबार्थ पुंटो 145 पीएसची होती. 2016 मध्ये तुमच्याच पोलोचा मोठा भाऊ आला, तीन दरवाज्यांची जीटीआय, 192 पीएस. आणि 2025 मध्ये आलेली गोल्फ जीटीआय तर 265 पीएसची, कंपनी 0 ते 100 साठी 5.9 सेकंद सांगते. यांच्यातून सरळ रस्त्यावरही फॉर्च्युनर आरशातच दिसेल. पण तुमची तक्रार जीटीची आहे, आणि जीटी ही गरम नाही, कोमट आहे. राग मानू नका. मला ती गाडी फार आवडते.

वेग वाढत गेला की वारा मोठ्या गाडीला आडवा येतो. कपाळ रुंद, उंची जास्त. माझ्या हिशेबाने 100 च्या वेगाला नुसता वारा कापायला हॅचबॅकला 12 पीएस लागतात तिथे फॉर्च्युनरला 19. 150 ला तेच 41 आणि 65 होतात, कारण वाऱ्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. पण चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर कारला मर्यादाच 100 ची आहे, तेव्हा हा मुद्दा आपल्या कामाचा नाही.

आपल्या कामाचा आहे तो घाट. सरळ रस्त्याचा विषय पीएस आणि टनांवर मिटतो, वळण आलं की तिथे तिसरी वस्तू येते, वजन जमिनीपासून किती उंचावर बसलंय ती. अमेरिकेची सरकारी रस्ता-सुरक्षा संस्था एक साधा आकडा काढते: डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचं निम्मं, भागिले गुरुत्वमध्याची उंची. बहुतेक कारचा हा आकडा 1.30 ते 1.50 येतो, एसयूव्हीसारख्या उंच गाड्यांचा 1.00 ते 1.30. आकडा कमी, तेवढी गाडी कलंडायला सोपी. म्हणून उंच गाडीचं सस्पेन्शन, टायर आणि कॉम्प्युटर सगळे मिळून ड्रायव्हरला आधीच मागे खेचतात. 25 मीटर त्रिज्येचं वळण धरलं तर तोल न बिघडता हॅचबॅक 49 च्या आसपास घेईल आणि फॉर्च्युनरला 44 लाच पोटात गोळा येईल. पाचच किलोमीटरचा फरक, पण प्रत्येक वळणाला मोठी गाडी आधी ब्रेक लावणार, वळण सुटल्यावर पुन्हा दोन-सव्वादोन टन हलवणार. चाळीसगाव-कन्नडच्या घाटात हे असं वळणामागून वळण होतं. तिथे पोलो चालवणारा हात-पाय ठिकाणावर असलेला असेल, तर फॉर्च्युनरला दोन वळणांनंतर आरशात शोधावं लागतं. धुळ्याजवळचा लळिंग घाट मात्र यात धरू नका. तो रुंद चौपदरी झालाय, वळणं मोकळी आहेत, तिथे चढावर पुन्हा ताकदच बोलते.

उतरताना तर जास्तच. 2,590 किलोंची गाडी 300 मीटर उंचीवरून खाली आणायची म्हणजे किती उष्णता निर्माण होते माहीत आहे? 22-23 लिटर गार पाणी उकळीला येईल एवढी. भरलेल्या पोलोची 13-14 लिटरची. इंजिन ब्रेकिंगने आणि वाऱ्याने त्यातलं बरंच काढलं नाही, तर सगळं ब्रेकच्या डिस्कमध्ये जातं. फार वर्षांपूर्वी कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना माझ्या पुढे एका ओळखीच्यांची सातजणांनी भरलेली मोठी गाडी होती. ऑटोमॅटिक, डी मध्येच, आणि सबंध घाट ब्रेक-लाइट पेटलेला. अर्ध्या घाटात माझ्या खिडकीतून जळका वास यायला लागला. दिवे मारून, हॉर्न वाजवून त्यांना थांबवलं. पेडल स्पंजसारखं आत जात होतं, पुढच्या चाकांजवळ हात नेववत नव्हता. गाडीतल्या आजी पदराने चाकाला वारा घालत होत्या. पाणी मारू नका, एवढंच मी ओरडून सांगितलं, कारण तापल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होते. पाऊण तास बसून राहिलो. नंतर गॅरेजला ब्रेक ऑइल काढलं तर कोऱ्या चहासारखं काळं. तेव्हापासून मोठ्या गाडीच्या प्रत्येक सर्व्हिसला मी ब्रेक ऑइलची तारीख विचारतो. दोन वर्षांच्या वर गेलं असेल तर ते पाणी पिऊन बसलेलं असतं आणि घाटात लवकर उकळतं.

हॅचबॅकची बाजू इतकी घेतल्यावर हेही सांगितलं पाहिजे की खराब रस्त्यावर ती हरते, आणि वाईट हरते. पावसाळा संपता संपता शहाद्याहून तोरणमाळकडे निघा. घाटाची वळणं पोलोची, पण त्याआधीचे खड्डे फॉर्च्युनरचे. लो-प्रोफाइल टायरचा मालक प्रत्येक खड्ड्याला थांबून नमस्कार करतो, 18 इंची रिम आणि जाड टायरवाला नुसता धडधडत जातो. वर पोचल्यावर आधी चहा कोण पितो ते त्या वर्षी रस्ता किती वाहून गेलाय त्यावर.

पैशाला मर्यादाच नसेल तर मोठी गाडी वळणांवरही जिंकते. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या 20.8 किलोमीटरच्या फेरीला 2021 मध्ये पोर्शे कायेन टर्बो जीटीने 7 मिनिटं 38.9 सेकंद घेतले. 2023 मध्ये होंडा सिव्हिक टाइप आर तिथेच 7 मिनिटं 44.9 सेकंदांत फिरली, आणि ही जगातल्या सर्वांत चपळ हॉट हॅचपैकी एक. सव्वादोन टनांची गाडी सहा सेकंद पुढे! जादू काही नाही, कायेनकडे 640 पीएस, टनामागे 290 च्या घरात, सिव्हिककडे 230 च्या. वर मोठे टायर, चारही चाकांना ताकद आणि कललेली बॉडी सरळ धरणारी यंत्रणा. आणि आता इलेक्ट्रिक गाड्यांनी तर सगळाच खेळ उलटवलाय. चारही चाकं ओढणाऱ्या हॅरिअर ईव्हीला कंपनी 0 ते 100 साठी 6.3 सेकंद सांगते, एक्सईव्ही 9ई ला 6.8. गिअर पाडायचा नाही, टर्बोची वाट बघायची नाही. सिग्नलवरून निघताना अशा गाडीच्या शेजारी उभे असाल तर पाय आवरा, आजोबा पुन्हा बोलतील.

आता तुमच्या गाडीकडे. फरक वजनाचा होता हे खरं, पण दहा वर्षांच्या टीएसआयमध्ये 105 चे 105 पीएस राहिलेले मी क्वचित पाहतो. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी साचते. कॅमेरा घालून दहा मिनिटांत दिसते. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे होज आणि क्लॅम्प तपासा, जोरात पाय दिल्यावर सुस्कारा सोडल्यासारखा आवाज येत असेल तर दाब तिथूनच जातोय. स्पार्क प्लग कधी बदलले ते बिलात बघा. एअर फिल्टर आपल्या धुळीत पुस्तकात लिहिलेल्या निम्म्या अंतराला बदला. आणि अमळनेरच्या गाड्यांना मी नेहमी सांगतो, कपाशीचा हंगाम संपला की बंपर काढून जाळी साफ करून घ्या. कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामध्ये कापसाचे तंतू आणि धूळ यांची अशी गोधडी तयार होते, की वारा आत जातच नाही. हे काम दीड-दोन तासांचं आहे आणि मे महिन्यात जेवढा फरक याने पडतो तेवढा महागड्या पेट्रोलने पडत नाही.

रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं, करून घेऊ का, असंही तुम्ही विचारलंय. आधी वरचं सगळं करा. तुमच्यासारख्या ड्राय क्लचच्या, म्हणजे क्लच तेलात नसलेल्या, गिअरबॉक्सवर आणखी टॉर्क टाकायला मी सहसा तयार होत नाही. आणि तुम्हाला मागे टाकणारा फॉर्च्युनरवाला रीमॅप करून बसलेला नसेलच याची खात्री काय? बाहेरून ते कळत नाही.

शेवटचं, टायर. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. 2218 असेल तर 2018 चा बाविसावा आठवडा. तुमचे आकडे 15 किंवा 16 ने संपत असतील, म्हणजे कंपनीतून आलेलेच टायर अजून असतील, तर नक्षी कितीही शिल्लक दिसो, रबर आपल्या उन्हात कडक झालेलं असणार. नखाने दाबून बघा, नख रुततच नसेल तर पाच जणांना घेऊन पुढच्या लग्नाला जाण्याआधी ते बदला.